सर्व्हे नंबर टाकला म्हणून घर बांधता येत नाही

व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज फिरतोय: ‘गोव्यात जागा घेताय? सर्व्हे नंबर टाका, एआय पाच मिनिटांत झोन सांगेल. सेटलमेंट असेल तर बिनधास्त बांधा. वकील नको, टीसीपीच्या खेपा नकोत.’ (टीसीपी म्हणजे नगरनियोजन खातं.) असल्या मेसेजवर विसंबून कुणी आयुष्याची पुंजी घालू नये, म्हणून हे लिहितोय.

आधी झोन, म्हणजे जमीन कशासाठी वापरायची हे ठरवणारा आराखड्यातला पट्टा. एकाच सर्व्हे नंबरचा काही भाग सेटलमेंटमध्ये (वस्तीच्या पट्ट्यात), काही ऑर्चर्डमध्ये (बागायतीच्या पट्ट्यात) असू शकतो. शिवाय प्रादेशिक आराखडा २०२१ आहे तसा राहिलेला नाही. नगरनियोजन कायद्याच्या १७(२) कलमाखाली ‘चूक दुरुस्ती’ म्हणून सुट्या सुट्या जागांचे झोन बदलले गेले आणि मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने त्यासाठीचे नियमच रद्द केले. त्याआधी, २०२४ मध्ये, त्याच कायद्यात झोन बदलाचं ३९ए कलम आलं होतं. मग अ‍ॅपने वाचलेला नकाशा कोणत्या तारखेचा?

‘सेटलमेंट असेल तर बांधा’ हे तर सगळ्यात घातक. एक-चौदाचा उतारा (गोव्यातला जमिनीच्या नोंदीचा कागद) हातात घ्या आणि कब्जेदाराच्या नावावर थांबू नका, कुळाचा रकाना बघा. जमीन कूळ कायद्याने कुळाची झालेली असेल, तर १९९१ चा जमीन वापर कायदा तिथे शेतीशिवाय काही करू देत नाही. झोनचा रंग कोणताही असो. नदीकाठ असेल तर सीआरझेड, म्हणजे किनारी भागातल्या बांधकामावरचे निर्बंध, आहे. डोंगर असेल तर उतार मोजावा लागतो. हे सगळं निभावलं तरी सनद (जमीन बिगरशेती करण्याची परवानगी), टीसीपीची तांत्रिक मंजुरी आणि पंचायतीचा परवाना राहतोच.

वकील नको? आपल्याकडे पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा चालतो. विकणाऱ्याचं लग्न झालेलं असेल तर बहुधा नवरा-बायको दोघांच्याही सह्या लागतात, आणि आजोबांच्या नावावरच्या जागेत किती वारस आहेत, हे सर्व्हे नंबर सांगत नाही.

तंत्रज्ञानाला माझा विरोध नाही. उलट त्याचं खरं काम पडून आहे. ३९ए ने झोन बदलावर हरकत घ्यायला ३० दिवस ठेवले, पण राजपत्र गावात वाचतो कोण? जेसीबी आल्यावर लोकांना कळतं. राजपत्रातली नोटीस वाचून ‘तुमच्या गावातली अमुक जागा, हरकतीची शेवटची तारीख अमुक’ असं मराठीत-कोंकणीत फोनवर कळवणारं अ‍ॅप कुणी केलं, तर आमच्या वाड्यावर घरोघरी जाऊन ते मी स्वतः लोकांच्या फोनवर घालून देईन.