‘सात कटू सत्ये’

‘एका संस्थेतर्फे मी झोपडपट्टीतल्या मुलांना शिकवायला गेलो. जे पाहिलं ते कोणी बोलत नाही. वाचा सात कटू सत्ये.’ हा मेसेज बरेच दिवस फिरतोय. लिहिणाऱ्याचं नाव नाही, वस्तीचं नाव नाही, साल नाही. मित्रमंडळींच्या ग्रुपवर आला तेव्हा मी पुसून टाकला. मग तो माझ्या मावशीने घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, ‘तू जातेस ना त्या गोवंडीला? उगाच रविवार घालवतेस गं.’ मुंबईतल्या गोवंडीच्या झोपडपट्टीत मी रविवारी मुलांना शिकवायला जाते. मावशी निवृत्त मुख्याध्यापिका. तिलाच हे पटत असेल तर गप्प बसून चालणार नाही.

सातही मुद्द्यांना सारखा वेळ देणार नाही, तेवढी त्यांची लायकी नाही. पहिला मात्र सोडणार नाही, कारण तो वरवर शहाणपणाचा वाटतो आणि सगळ्यात जास्त नुकसान तोच करतो.

‘या मुलांना धंद्याचा हिशेब जमतो, पण पुस्तकातलं गणित डोक्यात शिरत नाही. बुद्धीची ठेवणच तशी असते.’

म्हणजे हिशेब जमतो, पण बुद्धी नाही! लिहिणाऱ्याने आपलंच वाक्य परत एकदा वाचलं असतं तरी चाललं असतं.

आमच्या वर्गात गोवंडीतल्याच बैंगनवाडी वस्तीतला एक पोरगा येतो, वय दहा-अकरा. शाळा सुटल्यावर वडिलांच्या कांदा-लसणाच्या गाडीवर उभा राहतो. (‘बालमजुरी’ म्हणून ओरडण्याआधी: बालमजुरी कायद्यात २०१६ला झालेल्या दुरुस्तीनंतर शाळेची वेळ सोडून घरच्या धंद्यात मदत करायला कायद्याने मुभा आहे. ती मुभा फार सैल आहे असं माझं मत, पण तो वेगळा विषय.) लसूण २४० रुपये किलो होता तेव्हा मी त्याच्याकडे दीडशे ग्रॅम मागितला. तराजूत पाकळ्या टाकता टाकता तो म्हणाला, ‘सौ का चौबीस, पचास का बारा, छत्तीस.’ शंभराची नोट घेतली आणि चौसष्ट रुपये परत दिले. बोटं मोजली नाहीत, मोबाइल काढला नाही.

त्याच आठवड्यात वर्गात फळ्यावर १०० वजा ३६ लिहिलं. त्याच्या वहीत उत्तर १३६. एकमच्या घरात शून्यातून सहा जात नाहीत म्हणून सहातून शून्य वजा केलं, दशकात तसंच, आणि डावीकडचा एक तसाच खाली उतरवला. शंभरातून काही काढल्यावर शंभराहून जास्त कसे उरतील, हे गाडीवर त्याला कोणी विचारलं असतं तर तो हसला असता. वहीत त्याला ते खटकलंही नाही, कारण वहीतले आकडे म्हणजे पैसे असतात हे त्याला कोणी दाखवलेलंच नाही.

मेसेजवाल्या गृहस्थांनी बहुधा वहीतलं १३६ पाहिलं आणि घरी येऊन सत्य क्रमांक एक लिहिलं.

माझ्या एका अनुभवावर विश्वास ठेवू नका. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो, २०१९चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले, यांनी सहकाऱ्यांबरोबर नेमका हाच प्रश्न तपासला. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणारी १४३६ मुलं त्यांनी पाहिली. निष्कर्ष फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात छापून आले. जवळजवळ सगळी मुलं विक्री करताना किचकट हिशेब बरोबर करत होती. तोंडी घातलेली, रोजच्या व्यवहारातली उदाहरणंही सोडवत होती. पण तितकंच किंवा त्याहून सोपं गणित शाळेच्या पद्धतीने नुसत्या आकड्यांत मांडलं की अडत होती. पाठांतर असेल का? कोणी मदत करत असेल का? तेही तपासलं, तसं निघालं नाही.

इथपर्यंत वाचून मेसेजवाले खूश होतील, ‘बघा, मी हेच म्हणत होतो.’ जरा थांबा. संशोधकांनी जवळच्या शाळांमधली, कधी काही न विकलेली ४७१ मुलंही तपासली. ती वहीतल्या सोप्या गणितांत सरस ठरली. पण बाजारातलं जे एक उदाहरण काम करणाऱ्या मुलांपैकी एक तृतीयांशाहून जास्त जणांनी सोडवलं, ते या शाळकरी मुलांपैकी फक्त एक टक्क्याला आलं. बाकीची कागदावर लांबलचक मांडणी करत अडकली. आता ‘बुद्धीची ठेवण’ ही भाषा करायचीच असेल तर ती दोन्ही बाजूंना लावा, आणि आपल्या सोसायटीतल्या मुलाला दीडशे ग्रॅम लसणाचे किती ते विचारून बघा. दोघांकडे अर्धं अर्धं गणित आहे आणि ते जोडून द्यायचं काम शाळेचं होतं. आम्ही वर्गात करतो ते एवढंच: आधी गाडीवरचा हिशेब बोलून घ्यायचा, तो बोलला तसाच लिहायचा, मग हातच्याची पद्धत त्याच्या शेजारी मांडायची. याला वेळ लागतो. काहींचं पुन्हा १३६ येतं.

‘पालकांना मुलं शिकवायचीच नसतात, कमावती हवी असतात.’

हे वाचून डोकं फिरलं. घरकाम करणारी एक आई मुलीच्या शाळाप्रवेशासाठी खाडे करत फिरताना मी पाहिली आहे. भाडं वाढलं म्हणून खोली बदललेली, जुनी शाळा लांब पडलेली. नवी शाळा म्हणे जुन्या शाळेचा दाखला आणा, जुनी शाळा म्हणे बाई रजेवर आहेत, सोमवारी या. मग आधार कार्डावरची जन्मतारीख जुळेना. शिक्षण हक्क कायदा २००९चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या पाचव्या कलमात लिहिलंय की दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश लांबवता किंवा नाकारता येत नाही. चौदाव्या कलमात लिहिलंय की वयाचा पुरावा नाही म्हणूनही नाकारता येत नाही. त्या आईला हे ठाऊक नव्हतं. खिडकीपलीकडच्या माणसाला ठाऊक होतं की नव्हतं, देव जाणे. आम्ही दोन्ही कलमं छापून सोबत दिली, तेव्हा काम झालं. दरम्यान मुलगी घरी बसून धाकट्याला सांभाळत होती. त्याच दिवसांत एखादे मेसेजवाले दारावरून गेले असते तर त्यांना काय ‘दिसलं’ असतं, ते सांगायला नको.

मुंबई महापालिकेने सीबीएसईच्या शाळा काढल्या तेव्हा २०२१ मध्ये जागांपेक्षा अर्ज जास्त आले आणि सोडत काढावी लागली. अर्ज कोणी भरले? ज्यांना मुलं शिकवायची नाहीत त्यांनी? आमचा वर्ग भरतो त्या गल्लीत रोजंदारीवरची माणसं मुलांच्या क्लासची फी भरतात, कधी किराणा उधार ठेवून.

हो, आठवीनंतर मुली शाळेतून गळतात, हे खरं. पालिकेच्या बहुतेक शाळा सातवी-आठवीला संपतात, मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा कायदाही चौदाव्या वर्षी थांबतो, आणि पुढची शाळा लांब. रोज एकट्या मुलीला कचऱ्याच्या डम्पिंग ग्राउंडच्या बाजूच्या रस्त्याने पाठवायचं का, हा प्रश्न आपल्या घरी पडला असता तर आपण त्याला काळजी म्हटलं असतं. तिथे त्याला मागासलेपण म्हणतात.

‘घरात टीव्ही असतो, हातात मोबाइल असतो, गरिबी कसली?’ टीव्हीवर अभ्यास होत नाही, त्याला जागा लागते. गोवंडीतल्या शिवाजीनगरची मूळ खोली दहा बाय पंधरा फुटांची. त्यात सहा-सात माणसं, वर पोटमाळा, कधी तो पोटमाळाही जरीकामाला भाड्याने दिलेला. संध्याकाळी पाणी आलं की पोरं गॅलन घेऊन पळतात. गृहपाठ कधी आणि कुठे बसून करायचा ते मेसेजात लिहिलेलं नाही.

‘हे सगळे बाहेरून येऊन बसलेत.’ शिवाजीनगर-बैंगनवाडी १९७०च्या दशकात वसली ती पालिकेने शहरातल्या झोपड्या हटवून माणसं तिथे नेल्यामुळे. देवनारचं डम्पिंग ग्राउंड तिथे १९२७ पासून होतं. म्हणजे कचऱ्याशेजारी माणसं नेऊन ठेवली आणि आता विचारतात, इथे कशाला आलात. शिवाय आमच्या वर्गात बीड-जालन्याकडचीही पोरं आहेत. ती कुठल्या ‘बाहेर’ची, ते एकदा ठरवून सांगा.

‘फुकट मिळतं म्हणून किंमत नाही.’ पालिकेच्या शाळेत वह्या, गणवेश, दप्तर, बूट धरून सत्तावीस वस्तू मिळतात, खरं आहे. किंमत नसती तर गणवेश हाती पडायला उशीर झाला की मुलं दर आठवड्याला ‘दीदी, कब मिलेगा?’ विचारत बसली नसती. अर्थात, वाढदिवसाला उरलेले केक आणि अर्धे झिजलेले खडू घेऊन येणाऱ्यांच्या देणगीला मुलं भाव देत नाहीत. त्यात चूक काय?

‘तोंडात शिव्या, जरा काही झालं की हाणामारी.’ मान्य. शिव्या देतात, आणि अशा की पहिल्यांदा ऐकल्यावर मलाही बसायला लागलं. मारामाऱ्याही होतात, बहुतेक एका पेन्सिलवरून. यातून ‘लहानपणीच गुन्हेगार’ ही उडी कशी मारली ते कळलं नाही. मुंबईतल्या बड्या कॉलेजांच्या हॉस्टेलमध्ये यापेक्षा फार सोज्वळ भाषा चालते अशी माझी माहिती नाही.

‘मुलांना तुमच्याबद्दल काही वाटत नाही. दोन महिने गेला नाहीत तर नावही विसरतात.’

या शेवटच्या मुद्द्यात तथ्य आहे, आणि ते कबूल करताना जिवावर येतंय. मुलं विसरतात. नवीन दादा किंवा दीदी आली की पहिले काही रविवार त्यांना नावाने हाकही मारत नाहीत. कारण त्यांनी फार जणांना येताना-जाताना पाहिलंय: जूनमध्ये उत्साहाने येणारे, दिवाळीनंतर न दिसणारे, कंपनीच्या टी-शर्टात एकाच दिवसासाठी येऊन मुलांना खांद्यावर घेऊन फोटो काढणारे. एकदा एका मुलीने नवीन आलेल्या मुलाला सरळ विचारलं, ‘भैया, आप कितने दिन वाले हो?’ तो गोंधळला, म्हणाला बघू. तिने मान डोलावली आणि वही उघडून माझ्याकडे सरकवली. ही तक्रार रास्त आहे. फक्त ती आम्हा स्वयंसेवकांच्या नावावर लिहायला हवी होती, मुलांच्या नाही.