मुळे छाटून ऑर्किड जगत नाही

डोंबिवलीला राहणाऱ्या माझ्या आत्याला दिवाळीत जांभळ्या फुलांचे ऑर्किड भेट मिळाले होते. माघ संपता संपता फुले गळाली, खालचे एक पान पिवळे पडले, आणि नेमका त्याच आठवड्यात नात्यातल्या कोणीतरी तिला ‘मरणारे ऑर्किड सात दिवसांत फुलवा’ हा संदेश पाठवला. कुंडीबाहेर लोंबणारी वाळकी मुळे छाटा, रोप लाल माती आणि शेणखतात लावा, लसणाचे आणि साखरेचे पाणी आलटून पालटून घाला, मुळांना दालचिनीची पूड चोळा, आठवड्याला तीन बर्फाचे खडे ठेवा, असे त्यात सांगितले होते. बर्फ सोडून बाकी सगळे आत्याने मन लावून केले. मी पोहोचलो तोवर धडधाकट असलेले रोप खरोखरच आजारी झाले होते.

धडधाकट अशासाठी म्हणतो की फॅलेनॉप्सिसची, म्हणजे आत्याकडे आहे त्या जातीच्या ऑर्किडची, फुले दोन-तीन महिन्यांनी गळतातच आणि अगदी तळाचे जुने पान कधीतरी पिवळे पडतेच. रोप मरत आहे की नाही, हा पहिला प्रश्नच संदेशात नाही.

सर्वांत घातक सल्ला मुळे छाटण्याचा आहे. ऑर्किडच्या मुळाभोवती व्हेलामेन नावाचे, मृत पेशींचे स्पंजासारखे आवरण असते. कोरडे असताना त्या पेशींत हवा असते, म्हणून मूळ चंदेरी-राखाडी दिसते. पाणी लागले की आवरण ते शोषून घेते आणि आतला हिरवा रंग वर दिसू लागतो. आत्याने छाटलेली मुळे अजून कचऱ्याच्या डब्यात होती. त्यांतले बोटभर लांबीचे एक उचलून मी वाटीभर पाण्यात टाकले, तर आमचे बोलणे संपायच्या आत ते हिरवे झाले. ‘अगं बाई, हे जिवंत होतं,’ एवढेच आत्या म्हणाली. खरोखर कुजलेले मूळ ओळखायला संदेशाची गरज नसते: ते तपकिरी आणि फोपशे होते, दाबले की पाणी सुटते, आणि ओढले की साल हातात येऊन आतला दोरा तेवढा उरतो. तेवढेच मूळ, ज्योतीवर तापवून निववलेल्या पात्याने, कापायचे असते.

माती आणि शेणखताचा सल्लाही तितकाच अडाणी आहे. फॅलेनॉप्सिस आग्नेय आशियातल्या जंगलांत झाडांच्या खोडांवर वाढते, जसे आपल्या सह्याद्रीत सीतेची वेणी हे ऑर्किड वाढते. (याच संदेशात ऑर्किडला ‘एक प्रकारचे बांडगूळ’ म्हटले आहे. बांडगूळ यजमान झाडात मुळे घुसवून रस शोषते. ऑर्किड झाडावर नुसते बसलेले असते.) तिथे धो धो पाऊस पडला तरी पाणी खोडावरून वाहून जाते आणि मुळांना लगेच वारा लागतो. बारीक मातीत ती मुळे सतत ओली राहतात, हवेवाचून गुदमरतात आणि सडतात. मुळे सडली की पाणी वर चढत नाही, पाने सुरकुततात, ती तहानेने सुकली असे समजून आपण आणखी पाणी घालतो आणि उरलीसुरली मुळेही घालवतो. म्हणूनच नारळाच्या सोडणाचे तुकडे, कोळसा आणि विटांचे खडे वापरायचे असतात.

साखरेच्या पाण्यावर बुरशी आणि जिवाणू पोसले जातात, रोप नव्हे. लसणात बुरशीला रोखणारे द्रव्य आहे हे मान्य, परंतु त्याने गेलेले मूळ परत येत नाही. दालचिनी पानावरच्या कापावर चिमूटभर लावली तर चालते. मुळांवर चोळली तर ती त्यांना कोरडे करते.

बर्फाबाबत मात्र मला नाइलाजाने थोडे मागे हटावे लागते. 2017 साली ‘हॉर्टसायन्स’ या नियतकालिकात ओहायो स्टेट आणि जॉर्जिया विद्यापीठांतील संशोधकांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. झाडाची साल भरलेल्या कुंड्यांतील फॅलेनॉप्सिसना आठवड्याला तीन खडे बर्फ दिला, तरी त्यांची फुले तेवढेच साधे पाणी दिलेल्या रोपांइतकीच टिकली, आणि बर्फाला लागून असलेल्या सालीचे तापमानही साधारण 11 अंश सेल्सिअसच्या खाली गेले नाही. म्हणजे बर्फाने ऑर्किड मरते ही माझी जुनी समजूत चुकीची होती. पण ती रोपे निरोगी होती, आणि प्रयोगातून सिद्ध झाले ते इतकेच की बर्फ हे पाणी मोजून देण्याचे एक साधन आहे. त्याने आजारी रोप उठून बसते असे त्यात कुठेही नाही.

राहिला सात दिवसांचा दावा. या झाडाला एक नवे पान यायला महिने लागतात, आणि फुलांचा दांडा येण्यासाठी साधारण 26 अंशांच्या खालचा गारवा काही आठवडे लागतो, जो डोंबिवलीत चैत्रात कोणी आणणार नाही.

आत्याच्या रोपाची चार मुळे शाबूत निघाली. माती धुऊन काढून, सोडणाचे तुकडे दोन-तीन पाण्यांतून भिजवून, ते आम्ही भोके पाडलेल्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या कुंडीत बसवले आणि पूर्वेच्या खिडकीत, थेट ऊन लागणार नाही असे ठेवले. कुंडीतून दिसणारी मुळे राखाडी झाली की सकाळी पाणी, पानांच्या बेचक्यात साचलेले पाणी लगेच टिपून घेणे, आणि नव्या मुळाचे हिरवे टोक दिसेपर्यंत खताचा एक कणही नाही, एवढेच आत्याला सांगितले आहे.