शेत तालुक्यात म्हणून दावा तहसीलदाराकडे? एका प्रतिक्रियेला उत्तर

माझ्या शेतरस्त्याच्या लेखावर सांगलीच्या एका वाचकांनी लिहिलंय: “शेत तासगाव तालुक्यात, म्हणजे अधिकारक्षेत्र तासगावच्या तहसीलदाराचंच. कलमांची पोतडी उघडून शेतकऱ्यांना घाबरवू नका. लेख लांबलचक, वकिलांच्या फीबद्दल अक्षर नाही. कोर्टाची पायरी न चढलेल्यांनी हे लिहू नये.”

शेवटचं वाक्य आधी घेतो. माझी सगळी नोकरी महसुलात गेली. मतभेद जरूर मांडा, पण अनोळखी माणसाची लायकी काढायची ही कुठली रीत? लेख लांबला, हे मान्य. फीचा इथे संबंध नाही.

आता तुमचं ‘तहसीलदाराचंच’. अधिकारक्षेत्रात हद्द येते तसा विषयही येतो. वहिवाटीचा रस्ता कुणी अडवला, तर मामलेदार (म्हणजे तहसीलदार) कोर्ट ॲक्ट १९०६, कलम ५. अडथळा झाल्यापासून ६ महिन्यांच्या आत. रस्ताच नसेल, तर जमीन महसूल संहिता १९६६, कलम १४३. बांधावरून नवा रस्ता. दोन्ही कलमं एकाच अर्जात घातली की अर्ज अडकतो, कारण एकात रस्ता आहे म्हणायचं आणि दुसऱ्यात नाही म्हणायचं. शिवाय १४३ च्या निकालाविरुद्ध वर्षाच्या आत दिवाणी दावा लावता येतो.

आणि त्या बांधाची मालकीच वादात असेल तर? तालुका तोच, पण मालकी ठरवणं दिवाणी न्यायालयाचं काम. फेरफार, म्हणजे महसुली दप्तरातला नावाचा बदल, मंजूर झाला म्हणून कुणी मालक होत नाही.

हा फरक कागदोपत्री नाही, साहेब. दिवाणी दाव्यात हद्दीचा आक्षेप पहिल्याच संधीला घ्यावा लागतो (दिवाणी प्रक्रिया संहिता, कलम २१). विषयाचाच अधिकार नसेल, तर निकाल मुळातच शून्य. दोन्ही पक्षांची संमती असली तरी, आणि हा आक्षेप दरखास्तीतही, म्हणजे निकालाच्या अंमलबजावणीच्या वेळीही, घेता येतो. किरण सिंग विरुद्ध चमन पासवान, सर्वोच्च न्यायालय, १९५४. वाचून मग बोला. १८ ऑगस्ट २०२५ पासून सातारा-सांगलीची हायकोर्टाची प्रकरणं कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे गेली. बसण्याचं ठिकाण बदललं, विषय तेच राहिले.

चुकीच्या कोर्टात गेलेला काळ मुदत कायद्याच्या कलम १४ खाली वगळून मिळू शकतो, पण दावा सद्भावनेने आणि तत्परतेने चालवल्याचं दाखवावं लागतं. नुसत्या तारखा घेत बसलेल्याला तो मिळत नाही. तुमचं प्रकरण चालू असेल, तर अर्जावर कोणतं कलम घातलंय ते आजच बघा.