नियम येणार, येणार, येणार

आमच्या फ्रीजरमध्ये बर्फाच्या ट्रेमागे एक लिटरची गडद तपकिरी बाटली आहे. तिला दोन पिशव्या गुंडाळल्यात. बाहेरच्या पिशवीवर माझ्या अक्षरात 'विष, हात लावू नये' असं लिहिलंय आणि खाली तारीख. आत निकोटीन आहे, मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम. म्हणजे अख्ख्या बाटलीत १०० ग्रॅम निकोटीन. मी व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, ओढतो. हे निकोटीन पातळ करून बनवलेलं, मिलिलिटरला ६ मिलिग्रॅमचं लिक्विड, दिवसाला साधारण ५ मिलिलिटर. हिशेब केला तर ही बाटली मला नऊ वर्षं पुरेल.

घरात सहा वर्षांची मुलगी आहे. त्यामुळे इथवर वाचून कुणी मला मूर्ख म्हणालं तर माझी हरकत नाही. बायको महिनाभर तेच म्हणतेय.

झालं असं की एका शुक्रवारी रात्री साडेअकराला मित्राचा मेसेज आला. 'संपलं रे. एक तारखेपासून फ्लेवर बंद, सुटं निकोटीन पण बंद. घेऊन ठेव.' मी अंथरुणात पडल्या पडल्या ऑर्डर टाकली. बाटली, बारा कॉइल (लिक्विड तापवणाऱ्या तारा), त्यात घालायचा कापूस, दोन बॅटऱ्या. सकाळी डोकं ठिकाणावर आल्यावर तो सरकारी कागद शोधून वाचला. तो नव्या नियमांचा नुसता मसुदा होता. हरकती आणि सूचना मागवल्या होत्या, एवढंच. त्यात 'एक तारीख' कुठेच नव्हती. मित्राला फोन केला तर म्हणाला, "अरे, आज नाही तर उद्या येणारच आहे ना!"

हे 'येणारच आहे' गेली तीन वर्षं ऐकतोय. सतरा वर्षं सिगारेट ओढल्यावर ज्या महिन्यात व्हेप घेतलं, त्याच महिन्यात दुकानदार म्हणाला होता, नियम बदलतायत, बघा. अजून बघतोच आहे.

भारतातल्या मित्रांना ही अवस्था जरा परकी वाटेल. तिथे १८ सप्टेंबर २०१९ ला मंत्रिमंडळाने निर्णय घेतला, लगेच अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. उत्पादन, आयात, विक्री, जाहिरात, साठा, सगळ्यावर बंदी. साठ्याला शिक्षा कमी, बाकी पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. मला ती बंदी अजिबात पटलेली नाही. शेजारी सिगारेटचं पाकीट राजरोस विकायचं आणि याच्यावर कैद, हे गणित मला कधी सुटलं नाही. पण निदान माणसाला कळलं की आपण कुठे उभे आहोत. मी जिथे राहतो तिथे व्हेप कायदेशीर आहे आणि पुढच्या वर्षी काय असेल, हे दुकानदाराला माहीत नाही, मला नाही, आणि मसुद्याची भाषा बघता तो लिहिणाऱ्यालाही नसावं.

अमेरिकेचं बघा. तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने मे २०१६ मध्ये ई-सिगारेट तंबाखूच्या कायद्याखाली आणल्या. ऑगस्टपासून नियम लागू. बाजारात आधीपासून असलेल्या मालासाठी कंपन्यांनी दोन वर्षांत, म्हणजे २०१८ पर्यंत विक्रीच्या मंजुरीसाठी अर्ज करायचे. मग २०१७ मध्ये ती मुदत एकदम २०२२ वर ढकलली. त्याविरुद्ध आरोग्य संघटना कोर्टात गेल्या, न्यायाधीशांनी ती मे २०२० वर आणली. मग कोरोना आला आणि ती सप्टेंबर २०२० झाली. एका मुदतीच्या चार तारखा! अर्ज आले लाखो मालांचे आणि पहिली मंजुरी मिळाली ऑक्टोबर २०२१ मध्ये, तीही एका कंपनीच्या एका उपकरणाला आणि त्याच्या तंबाखू चवीच्या कार्ट्रिजना, म्हणजे लिक्विड भरलेल्या नळ्यांना. या पाच वर्षांत तिथल्या व्हेप करणाऱ्याने काय करायचं होतं? आपलं लिक्विड पुढच्या महिन्यात मिळेल की नाही, याचा रोज अंदाज बांधत बसायचं?

युरोपात उलटं झालं. २०१४ मध्ये नियम ठरले, मे २०१६ पासून लागू झाले, आकडे स्पष्ट होते: निकोटीन मिलिलिटरला २० मिलिग्रॅमच्या वर नाही, लिक्विडची बाटली १० मिलिलिटरपेक्षा मोठी नाही, टँक, म्हणजे व्हेपमधली लिक्विडची टाकी, २ मिलिलिटरपेक्षा मोठा नाही. लोक चिडले, आणि टँकवर चिडणं बरोबरही होतं. दर दोन-तीन तासांनी टोपण उघडून भरायचं, बोटं चिकट, खिशाला डाग. पण लोकांनी वाट काढली. बाटलीची मर्यादा निकोटीन असलेल्या लिक्विडला होती, म्हणून बिननिकोटीनचं लिक्विड मोठ्या बाटलीत थोडी जागा ठेवून विकायला लागले आणि वरून १० मिलिलिटरची निकोटीनची बाटली ओतायची. ओतली, हलवली, झालं. नियम गैरसोयीचा होता, पण माहीत होता. कुणाला फ्रीजरमध्ये विष दडवावं लागलं नाही. (काहींनी दडवलंच. आम्ही व्हेपवाले मुळात घाबरट.)

घरी मिसळणं हे ऐकायला स्वयंपाकासारखं वाटतं, ते तसं नाही. हातमोजे घालायचे, खिडकी उघडायची, वजनकाटा शून्यावर आणायचा, आणि मग थेंबाथेंबाने. एकदा माझ्याकडून एक थेंब मनगटावर उडाला. ताबडतोब धुतला तरी पुढचा अर्धा तास मी स्वतःची नाडी मोजत बसलो होतो. त्यात काही झालं नाही, पण मी हे का करतोय, असा प्रश्न त्या अर्ध्या तासात नीट पडला. जे काम कारखान्यात, तपासणीखाली व्हायला हवं, ते मी रात्री मुलगी झोपल्यावर ओट्यावर करतोय. कारण काय, तर एक अफवा.

आणि कायदेशीर दुकान डळमळलं की दुसरं दुकान उभं राहतंच. २०१९ मध्ये अमेरिकेत फुप्फुसाच्या आजाराने माणसं दगावली, तेव्हा बोट ठेवलं गेलं ते मुख्यतः अनधिकृत मार्गाने आलेल्या गांजाच्या कार्ट्रिजवर आणि त्यात घातलेल्या व्हिटॅमिन ई अॅसिटेट या तेलकट पदार्थावर. बातम्यांत मात्र नुसतं 'व्हेप' आलं. माझ्या ऑफिसातल्या एकाने तेव्हा घाबरून व्हेप फेकलं आणि दुसऱ्या दिवशी सिगारेट सुरू केली. आजही ओढतो. परवा खाली भेटला तर म्हणाला, "तुमचं तर बंदच होणार आहे म्हणे. मी आधीच सुटलो." काय बोलणार यावर!

आम्हा व्हेपवाल्यांवरही माझा राग आहे. वयाची अट आली, आम्ही ओरडलो. बाटलीला मुलांना न उघडणारं टोपण आलं, तरी आम्ही ओरडलो. सगळ्याला एकाच पट्टीत 'हुकूमशाही' म्हटलं की फ्लेवरबंदीच्या वेळी कोण ऐकणार? शाळेतल्या पोरांच्या दप्तरात रंगीबेरंगी एकदा-वापरून-फेकायचे व्हेप सापडतात, हे खोटं नाही. ब्रिटनने १ जून २०२५ पासून ते बंद केले, मला त्यात काही वावगं दिसत नाही. व्हेप निरुपद्रवी आहे असंही मी म्हणणार नाही. मी सिगारेटशी तुलना करतो, स्वच्छ हवेशी नाही. मिलिग्रॅमवर मर्यादा घाला, प्रत्येक लिक्विडची तपासणी करा, घटक छापा. फ्लेवर काढायचे असतील तर माझा विरोध आहे, कारण तंबाखूची चव विसरल्यामुळेच मी सुटलो. पण काढणारच असाल तर तारीख सांगा आणि ती हलवू नका.

हे सगळं मी सूचनांमध्ये लिहून पाठवलं. ऑनलाइन फॉर्म होता. पहिलाच प्रश्न: आपण कोण? उत्पादक, विक्रेता, आरोग्य क्षेत्रातील, शिक्षण क्षेत्रातील, इतर. मी 'इतर'वर खूण केली. नंतर बायकोने फ्रीजरला लावायला छोटं कुलूप आणलं. चावी तिच्याकडे आहे.