पिकअपच्या खोक्यावरचा 'के' बघून भुलू नका

गणपती जवळ आले की ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्या पोरांचा एकच प्रश्न असतो: "दादा, स्ट्रॅट कॉपी आहे, आवाज पातळ येतोय, स्वस्तात कुठला पिकअप टाकू?" (स्ट्रॅट कॉपी म्हणजे फेंडर स्ट्रॅटोकास्टर या इलेक्ट्रिक गिटारची नक्कल, आणि पिकअप म्हणजे तारांखालचा, तारांची थरथर विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग.) सोबत ऑनलाइन दुकानाचा स्क्रीनशॉट, आणि त्यात १५ के (म्हणजे किलोओहम) असा आकडा. आकडा मोठा म्हणजे माल दमदार, हे पोरांनी आधीच ठरवलेलं असतं.

तो आकडा गुंडाळलेल्या तारेचा रोध सांगतो, बास. ४२ गेजच्या जागी आणखी बारीक ४३ गेजची तार तेवढेच वेढे देऊन गुंडाळली की के वाढले, पण आवाज काही त्या हिशेबाने वाढत नाही. वर तांब्याचा रोध तापमानानेही बदलतो, अंशाला साधारण ०.४ टक्के. थंडीच्या पहाटे ६ के दाखवणारा पिकअप सांगलीच्या मे महिन्यात साडेसहाच्या आसपास दाखवेल. पिकअप तोच!

वेढे खरोखरच जास्त असले तर वरची धार कमी होते आणि मधला भाग जाड होतो. मेटल (हेवी रॉक) वाजवायचं असेल तर खुशाल घ्या. पण आपल्याकडे स्टेजवर कोळीगीत, लावणी, जुनी हिंदी गाणी. बाजूला ढोलकी आणि दोन कीबोर्ड. त्यात जाड गिटार कुणाला ऐकू येणार? इथे ६-७ केचा साधा सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याचा) पिकअपच या गर्दीतून कापत वर येतो.

आणि खरेदीच्या आधी स्क्रू ड्रायव्हर घ्या. मिरजेत तंबोरा बोलेना म्हणून कुणी भोपळा बदलत नाही, आधी घोडीवर जवारी काढून बघतात. तसंच तार शेवटच्या फ्रेटवर दाबून पिकअपपासूनचं अंतर बघा. साधारण २ मिलिमीटरपासून सुरुवात करा, जाड तारांकडे थोडं जास्त ठेवा. फार जवळ नेलात तर चुंबक तारेला ओढतो आणि सूर डळमळतो. नव्या तारा टाका. एवढ्यावर निम्म्यांचा प्रश्न मिटतो, असं माझं मत.

तरी बदलायचाच असेल तर विल्किन्सन किंवा आर्टेक कंपनीचा अल्निको ५ (ॲल्युमिनियम-निकेल-कोबाल्टच्या चुंबकाचा) सेट बघा. स्वस्त गिटारमध्ये बहुधा स्टीलचे खांब आणि खाली सिरॅमिक चुंबकाची पट्टी असते. अल्निकोत खांबच चुंबक. म्हणून सिरॅमिक टाकाऊ ठरत नाही हं, डिमार्झिओ कंपनीचा गाजलेला सुपर डिस्टॉर्शन पिकअप सिरॅमिकच आहे.

मंडपातल्या नको त्या आवाजाचं वेगळं. लाइटिंगच्या डिमरची भणभण गिटारच्या पोकळीत लावलेल्या कॉपर टेपने बरीच कमी होते. ट्रान्सफॉर्मरची गुणगुण मात्र चुंबकीय, ती टेपला जुमानत नाही. त्यासाठी दोन उलट कॉइलची युक्ती लागते, जी गिब्सनमध्ये सेथ लव्हरने १९५५ च्या सुमारास हंबकरमध्ये वापरली. पूर्ण आकाराचा हंबकर सिंगल कॉइलच्या खाचेत बसत नाही, तेव्हा सिंगल कॉइलच्याच मापाचा, पण आत दोन कॉइल असलेला रेल पिकअप घ्या. फक्त ब्रिजला (घोडीजवळ) एक बसवला तरी पुरतो.

बसवल्यावर दोन पिकअप एकत्र लावून आवाज चिरका, पोकळ आला तर घाबरू नका, फेज उलटी झालीय, म्हणजे दोघांचे सिग्नल एकमेकांना खोडतायत. साध्या प्लॅस्टिक कव्हरच्या सिंगल कॉइलमध्ये दोघांपैकी एकाच्याच दोन वायरी अदलाबदल केल्या की झालं. सोल्डरिंग जमत नसेल तर गल्लीतला टीव्ही दुरुस्त करणारा पाच मिनिटांत करून देतो.