मोठा कृमी मारणारं औषध हवं

हत्तीरोगाच्या कृमीत राहणाऱ्या वोल्बाकिया जिवाणूवर नेम धरून नवी औषधं शोधताहेत, हे लेखात वाचून फार बरं वाटलं. आमच्याकडे चंद्रपुरात रात्री उशिरा रक्त तपासायला माणसं यायची, कारण या कृमीची पिल्लं रात्रीच रक्तात उतरतात. हत्तीरोगावर नेहमी दिली जाणारी डीईसीची गोळी मुख्यतः पिल्लांनाच मारते. मोठा कृमी वर्षानुवर्षं जगतो. डॉक्सिसायक्लिन या जिवाणू मारणाऱ्या औषधाने वोल्बाकिया संपला की कृमी वांझ होतो, पुढे मरतोही. पण त्या गोळ्या चार ते सहा आठवडे घ्याव्या लागतात, आणि गरोदर बायांना, लहान मुलांना चालत नाहीत. गावोगाव वाटणार कशा? आठवड्याभरात काम करणारं औषध मिळायलाच हवं. हत्तीरोगाने सुजलेला माझ्या आजीचा पाय आता पूर्ववत होणार नाही. रोज साबणाने धुऊन तिच्या बोटांच्या बेचक्या मीच कोरड्या करते.