इन्चार्जपद काढलं तेव्हा
पदावनती झालेल्या सिस्टरला एका लेखात 'मन शांत ठेवा' एवढाच सल्ला दिलाय. मनाचं नंतर बघू, आधी ऑर्डर लेखी घ्या! सरकारी नोकरीत चौकशी आणि बाजू मांडायची संधी दिल्याशिवाय शिक्षा म्हणून पदावनत करता येत नाही, राज्यघटनेचं कलम ३११ आहे. राज्य सरकारच्या नोकरीत असाल तर दाद मॅटमध्ये (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात) मागता येते. (बढती तात्पुरती असेल तर गोष्ट वेगळी.) खासगीत हे संरक्षण नाही. माझं आयसीयूचं इन्चार्जपद तोंडीच काढलं. जे ड्युटी रोस्टर मी लावायचे, त्यात माझं नाव नाइटला, तेही माझ्याच ज्युनियरच्या अक्षरात. हॅण्डओव्हर देताना तिला 'मॅडम' म्हणणं जिवावर यायचं. बरेच दिवस 'अगं'वर निभावलं. आणि हो, इन्चार्ज म्हणून केलेल्या कामाचं अनुभव प्रमाणपत्र लगेच मागून घ्या, नंतर एचआर ओळखसुद्धा दाखवत नाही.